चॉपमधला गुलाबी रस

मी जन्माची भित्री. पाल, पोलीस आणि इंजेक्शन, तिघांना मी सारखीच घाबरते. त्यातून पोटासाठी धंदा धरला तो दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करण्याचा. धुणंवालीच्या हातून डाग राहिला तर कपडा पुन्हा धुता येतो. आपण रांधलेलं एकदा माणसाच्या पोटात गेलं की ते परत मागता येत नाही.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "सुमनताई, तुम्ही इंदूरभर इतक्या घरांत स्वयंपाक केलात, एखादा हातखंडा पदार्थ लिहून द्या ना." मी म्हटलं, "देते की. पण अंकात चालेल का बघा. डुकराच्या मांसाचे चॉप." पलीकडे सामसूम. मला वाटलं लाइन कटली. मग हळूच आवाज आला, "त्यापेक्षा अनुभवच लिहा." तर लिहून राहिले आहे. चॉप त्यात येणारच, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या कामाबद्दल लोकांना वाटतं, पोळ्या लाटल्या, भाजी टाकली, झालं. तसं नसतं. नव्या घरी गेलं की पहिल्या दिवशी मी आधी तेलाचा वास घ्यायची, तिखटाचा डबा उघडून बघायची आणि सुरीला धार आहे का ते पाहायची. एवढ्यावरून घर कळतं. आणि घराची गुपितं सगळ्यांत आधी स्वयंपाकवालीला कळतात. आमच्या मल्हारगंजात एका कापडाच्या व्यापाऱ्यांकडे कांदा-लसूण बिलकुल वर्ज्य. शेठजी मात्र रोज फ्रिजच्या आडोशाला उभे राहून शेवेवर कांदा टाकून मागायचे, आणि नंतर माझ्यासमोर बडीशेप चावत उभे राहायचे, वास गेला का विचारत. संस्कृत शिकवणारे एक सर होते, त्यांना अंडं नुसतं नावानेही सहन होत नसे. पुडिंग मात्र फार आवडायचं. त्यात काय असतं ते त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. भांडून रोजी बुडवण्यात काय अर्थ?

पण ही गंमत नंतरची. सुरुवात झाली ती घाबरूनच.

आमचे हे मिलमध्ये लूमवर जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की तो ठीक करायचा आणि आपल्या ओळीतल्या कामगारांकडे लक्ष ठेवायचं. घरी जेवायला बसले आणि जेवण मनासारखं असलं की यांची एक सवय होती. डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर आपोआप वाजायला लागायची. खटाक-खट, खटाक-खट, हुबेहूब मागासारखी. मी तोंडाने तारीफ कधी ऐकली नाही. ती बोटं वाजली की समजायचं, आज जमलं. मी हसून विचारायची, "काय हो, मिल चालू झाली वाटतं?" आणि हे म्हणायचे, "चालू आहे, भाजी वाढ."

मग मिल बंद पडली. ती वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. एकीकडे एकेका मिलचा भोंगा गप्प होत होता आणि दुसरीकडे बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं, नव्या गाड्या, नवे साबण, टीव्हीवर नवी चॅनलं. सांवेर रोडवर नवे कारखाने उघडत होते, पण त्यांना लूमवरचा माणूस नको होता. हे आधी रोज फाटकाशी जाऊन बसायचे. मग तेही सोडलं. घरी भिंतीकडे बघत जेवायचे, अर्धं ताट तसंच टाकून उठायचे. बोटं वाजायची बंद झाली ती झालीच. मला त्या गप्प ताटाची भीती वाटायला लागली.

म्हणून मी काम धरलं. सासूबाईंना ते रुचलं नाही. आमचं घराणं होळकरांच्या फौजेतलं, सूनबाई लोकांच्या चुली फुंकणार म्हणजे काय! पण घरात दुसरा मार्ग कोणालाच सुचत नव्हता, त्यामुळे त्या तोंड फिरवून बसल्या, एवढंच.

सांवेर रोडवरच्या एका कारखान्याचे मॅनेजर होते, परेरा साहेब. त्यांच्या मॅडम पुण्याच्या कॅम्पात वाढलेल्या, मराठी आपल्यासारखंच बोलायच्या. त्यांना मराठी बाईच हवी होती. घरात दोन शाळकरी मुली आणि साहेबांचे म्हातारे वडील, त्यांना सगळे पापा म्हणायचे. पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "सुमनताई, पोर्क कराल ना? आमच्याकडे रविवारी असतं."

मी म्हटलं, "करेन की." मनात म्हटलं, मेले!

का ते सांगते. आमच्या लोकांत डुक्कर निषिद्ध नव्हतं. माझ्या माहेरी आजोबा शिकारीला जायचे, रानडुक्कर यायचं. पण ते रानातलं, मानाचं. ते बायकांनी शिजवायचं नाही. पुरुषमाणसं अंगणात वेगळी चूल मांडायची, वेगळं पातेलं, तिखटाचा जाळ, आणि खाणंही तिथेच. आम्ही खिडकीतून वास घ्यायच्या. गल्लीत नाल्यात फिरणारं डुक्कर मात्र नुसतं आडवं गेलं तरी आई पदर सावरायची. आणि आता ते मांस मला माझ्या हातांनी कापायचं होतं.

शिवाय एक भीती होतीच, ती तुम्हालाही ठाऊक असेल. आमच्या गल्लीत कोणाला फीट आली की लोक कुजबुजायचे, "डुकराचा किडा डोक्यात गेला." कसा जातो, कुठून जातो, कोणी सांगत नसे. नुसतं डोक्याकडे बोट दाखवायचे. मला रात्री झोपताना कान झाकून घ्यावेसे वाटायचे.

साहेबांनी महूहून मांस आणलं. तिथे छावणीचा भाग, चांगला खाटीक मिळायचा. बरगडीच्या हाडासकट कापलेले जाडजूड तुकडे, कडेला चरबीची पांढरी पट्टी. मी देवाचं नाव घेतलं आणि जे आपली कोणतीही बाई करील तेच केलं. मीठ-हळद लावली, कुकरमध्ये टाकले आणि शिट्ट्या होऊ दिल्या. झाल्या तेवढ्या पुरेत असं वाटेना, म्हणून आणखी होऊ दिल्या. किडा काय, किड्याचा बापही वाचला नसता. मग तव्यावर तळले आणि वाढले.

सगळे जेवायला बसले. साहेब चावत होते, चावतच होते. मुली एकमेकींकडे बघत होत्या. पापांची कवळी होती. त्यांनी एक घास तोंडात घोळवला, मग रुमाल तोंडाशी नेला आणि पावाला रस्सा लावून जेवून घेतलं. जाताना मला म्हणाले, "थँक यू, बाई." ते थँक यू मला जास्त लागलं.

दुसऱ्या रविवारी मॅडम ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "सुमनताई, तुम्ही घाबरून शिजवता. मटण शिजवून शिजवून मऊ होतं. याचं उलटं आहे. हे शिजत राहिलं की चामडं होतं."

"पण मॅडम, कच्चं राहिलं तर?"

"कच्चं ठेवायचं नाहीच. शिजलं की थांबायचं, इतकंच."

इतकंच! पण त्यांनी शिकवलं ते असं. सकाळीच मीठ आणि चिमूटभर साखर घातलेल्या पाण्यात चॉप बुडवून ठेवायचे, म्हणजे ते आत पाणी धरून ठेवतात. शिजवायच्या आधी फडक्याने खडखडीत कोरडे करायचे, ओला तुकडा भाजला जात नाही, उकडतो. चरबीच्या कडेला सुरीचे दोन-तीन काप द्यायचे, नाहीतर चॉप वाटीसारखा वाकडा होतो. मिरपूड, लसूण, थोडं व्हिनेगर. जाड लोखंडी तवा चांगला तापू द्यायचा, चॉप ठेवला की त्याला ढोसायचं नाही. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की आच मंद, वर झाकण. आणि मग परीक्षा. हाडाला लागून सुरीचं टोक खुपसायचं. कारण हाडाजवळचं मांस शेवटी शिजतं. रस लालसर आला तर थांबायचं. पाण्यासारखा स्वच्छ आला की लगेच उतरवायचा आणि झाकून ठेवायचा. लगेच कापायचा नाही. कापला तर सगळा रस ताटलीत, मांस कोरडं.

त्या दिवशी रस आला तो गुलाबी होता. मी थांबले. पुन्हा टोचलं, आता फिक्का. पुन्हा टोचलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, चाळणी करता का त्याची?" स्वच्छ रस आला तेव्हा त्यांनीच उतरवला. माझ्या हातातून सुरी सुटतच नव्हती.

पापांनी तो चॉप हाडापर्यंत खाल्ला. हाड हातात घेऊन चोखलं आणि साहेबांना काहीतरी म्हणाले. साहेब हसत मला म्हणाले, "पापा म्हणतात, आता या घरात रविवार आला." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. आनंदाने म्हणाल तर तसंही नाही. पापांना काही होणार तर नाही ना, या धास्तीने सोमवारी सकाळी मी वेळेच्या आधीच कामावर हजर झाले. पापा बागेत झारीने पाणी घालत होते. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पुढे कित्येक महिने माझे सोमवार असेच गेले.

आणखी एक गोष्ट त्या घरात होती. सॅलडची काकडी, मुळा, कोथिंबीर, जे जे कच्चं खायचं ते सगळं मॅडम लाल दवाच्या, म्हणजे पोटॅशच्या जांभळ्या पाण्यात बुडवून ठेवायला लावायच्या आणि मग नळाखाली चोळून धुवायला लावायच्या. मला ते बड्या घरचं खूळ वाटायचं. आपण कुठे धुतो एवढं? एक झटका दिला की झालं.

एका रविवारी मॅडमनी दोन चॉप बांधून दिले. "तुमच्या मिस्टरांना न्या." मी घरी येऊन यांना हळूच सांगितलं. सासूबाई शेजारी भजनाला गेल्या होत्या. हे उठले, मागच्या अंगणात पाट टाकला, वेगळी ताटली घेतली, पार आमच्या आजोबांच्या थाटात. एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे डुक्कर आहे?"

"हो."

"इतकं मऊ? अगं, आमच्याकडे शिकारीचं यायचं ते चावता चावता कानशिलं दुखायची."

आणि मग मला ऐकू आलं. खटाक-खट, खटाक-खट. ताटलीच्या कडेवर बोटं वाजत होती. मी अंगणाच्या उंबऱ्यावर बसूनच राहिले. कित्येक महिन्यांनी माझ्या घरात मिल चालू झाली होती. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी चॉप घरी यायचे आणि हे त्या दिवसाची वाट बघायचे. सासूबाईंना आम्ही मटण म्हणून सांगत होतो.

हे असं बरंच चाललं. मग ती सकाळ आली.

पोहे केले होते, वर शेव, वर कोथिंबीर. हे ताटली घेऊन बसले. मी आत चहा गाळत होते. बोटं वाजायला लागली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आतूनच ओरडले, "काय हो, आज पोह्यांनीच मिल चालू झाली?" उत्तर आलं नाही. मी शेवेचा डबा घेऊन बाहेर आले आणि हसत हसत त्यांच्या पोह्यांवर आणखी शेव टाकली. बोटं वाजतच होती, पण तालात नव्हती. मग मनगट उडायला लागलं, मग कोपर, ताटली खाली पडली आणि हे कुशीवर कलंडले. डोळे पांढरे. तोंडाला फेस. मी शेवेचा डबा हातात धरून उभी होते, अजून हसरं तोंड करून. ते माझं तोंड मला आजही आठवतं.

सासूबाई "दत्तू, दत्तू" करून ओरडल्या. शेजारचे धावले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल आणली. थोड्या वेळाने हे शुद्धीवर आले, पण ओळखीचं काही बोलेनात. एका टेम्पोवाल्याला हात जोडले, "भिया, दवाखान्यात घे." त्याने बाकीच्या सवाऱ्या उतरवून आम्हाला नेलं.

तिथे डोक्याचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टर तो उजेडात धरून म्हणाला, "दिमाग में कीड़े की गाँठ है." आणि मग सासूबाईंच्या समोरच, "सूअर खाते हैं क्या?"

सासूबाई म्हणाल्या, "शी! नाल्यातलं? आमच्याकडे नाही." मी जमिनीकडे बघितलं. पण सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि सासूला सुनेचं तोंड वाचता येतं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या फक्त हळू आवाजात म्हणाल्या, "मटण म्हणून आणत होतीस ते?" मी मान डोलावली. "तूच घातलास माझ्या पोराच्या डोक्यात," त्या म्हणाल्या आणि यांच्या पायाशी जाऊन बसल्या.

मला वाटलं, खरं आहे. तो गुलाबी रस माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी घाई केली असेल. एखाद्या रविवारी हाडाजवळ नीट टोचलं नसेल. कोणत्या रविवारी? मी एकेक चॉप आठवत बसायची. आणि मग दुसरी भीती, ती पहिलीपेक्षा मोठी. पापांनीही तेच खाल्लं होतं. त्या दोन मुलींनीही. मी शाळेतून येणाऱ्या मुलींची बोटं बघत राहायची. एकीने पेन्सिल वाजवली तरी मी हातातलं टाकून बघायला धावायची.

काम सोडता येत नव्हतं. औषधं तर त्याच कामावर येणार होती. मी गेले, आणि रविवारी चॉप पुन्हा कुकरमध्ये घातले. पुन्हा चपलेसारखे चिवट. मॅडमनी ताटली बाजूला सारली आणि आत आल्या. "काय झालंय सुमनताई?" मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मॅडम, मुलींना डॉक्टरकडे न्या. मला काढून टाका. पण मुलींना दाखवा."

मॅडम घाबरल्या, हे खरं. तोंड उतरलं त्यांचं. पण मला काढलं नाही. म्हणाल्या, "पुढच्या तारखेला मोठ्या डॉक्टरांना भेटा आणि सरळ विचारा. मीही येते. मलाही ऐकायचंय."

मोठे डॉक्टर आपलेच, मराठी, पिकलेल्या मिशांचे. आम्ही तिघी आणि हे, त्यांच्या टेबलासमोर. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, माझ्या हातचं डुक्कर कच्चं राहिलं म्हणून झालं का हो?" 

त्यांनी चष्मा काढला. "बाई, नीट ऐका. कच्चं डुक्कर खाल्लं तर किडा पोटात होतो. मोठा, पट्टीसारखा. तो आतड्यात राहतो. डोक्यात जातात ती त्याची अंडी. आणि अंडी मांसातून येत नाहीत. ज्याच्या पोटात तो किडा आहे, त्याच्या शौचातून बाहेर पडतात. तिथून नाल्यात, नाल्याच्या पाण्यातून भाजीवर, नाहीतर न धुतलेल्या हातांवर. आमच्याकडे असे कितीतरी पेशंट येतात ज्यांनी जन्मात मांस खाल्लं नाही." मग यांच्याकडे वळले. "कच्चं काय खायची सवय आहे?"

आमचे हे! फीट आल्यापासून माणूस धड बोलत नव्हता, त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मुळा, डॉक्टरसाहेब! मिलच्या मागे नाल्याकाठी भाजीच्या बाड्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही लूमवाले सगळे तिथे जायचो. जमिनीतून मुळा उपटायचा, पँटीला पुसायचा आणि भाकरीबरोबर कडाकड. तसा मुळा पुन्हा नाही मिळाला. पानंसुद्धा खायचो."

"बाडीला पाणी कुठलं?"

"नाल्याचंच की."

 डॉक्टरांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "त्यातूनच आलं, असं मी सांगू शकत नाही. हे आत जाऊन वर्षानुवर्षं गप्प बसतं. पण तुमच्या चॉपवर मी तरी आळ घेणार नाही. खबरदारी म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या." ती केली, आमचीही आणि परेरांचीही. कोणाच्या पोटात काही निघालं नाही.

मी एकदम मोकळी व्हायला हवी होते ना? नाही झाले. बाहेर आल्यावर सासूबाई बाकावर बसल्या त्या उठेचनात. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "भाजी डब्यात नको देऊस आई, म्हणायचा. तिथे मुळा मिळतो. मीच म्हणायची, बरं, भाकरी जास्त घालते." मी त्यांचा हात धरला. त्यांनी काढून घेतला नाही. मिलच्या त्या चांगल्या दिवसांवर आम्ही दोघी जीव टाकत होतो आणि दुखणं कदाचित तिथूनच आलं होतं. रागवायचं तरी कोणावर?

त्या दिवसापासून आमच्या घरात लाल दवाची बाटली आली. आणि सासूबाईंनी ती अशी काही हातात घेतली की आमच्याकडची कोथिंबीर वांग्याच्या रंगाची झाली. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. त्या प्रत्येकीला सांगायच्या, "हसताय काय? धुवा मेल्यांनो, धुवा!"

औषधं बरीच चालली. पुन्हा फीट आली नाही. पुढच्या फोटोत गाठ सुकलेली दिसली. डॉक्टरांनी फीटच्या गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या आणि म्हणाले, बाकी सगळं खा, फक्त शिजलेलं आणि धुतलेलं. घरी येताना टेम्पोतच हे म्हणाले, "चॉप कर."

"वेडे झालात का?"

"डॉक्टर काय म्हणाले? सगळं खा. आणि या वेळी आपल्या घरी कर. चोरून अंगणात नाही. आईसमोर."

मी मॅडमना सांगून महूहून मांस मागवलं. आता बघा, डोक्याला सगळं समजलेलं होतं. मांसाचा दोष नव्हता, रस कसा बघायचा ते माहीत होतं, परेरांकडे पुन्हा रसाळ चॉप करत होते. पण तवा माझ्या घरचा आणि खाणारे हे, म्हटल्यावर हाताने ऐकलं नाही. पहिला चॉप मी इतका शिजवला की तो टणक झाला. यांनी काट्याने वाजवून बघितला. "साहेबाला चॉप आणि नवऱ्याला चप्पल? हा न्याय आहे का?"

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "मला भीती वाटते. दुसरं काहीही करायला सांगा." आणि तिथेच ओट्याला टेकून रडायला लागले.

हे उठून आत आले. माझ्या हातातली सुरी घेतली. "मलाही वाटायची लूमची भीती. एकाची बोटं गेलेली बघितली होती मी. म्हणून काय हात मागे ठेवून माग चालतो? बघ इकडे." त्यांनी दुसरा चॉप तव्यावर ठेवला. मी सांगत गेले, ते करत गेले. सासूबाई दारात पाट घेऊन बसल्या होत्या, तोंड बाहेर, कान आत. हाडाजवळ टोचलं. गुलाबी. थांबलो. झाकण. पुन्हा टोचलं.

"कसा आहे?" दारातून आवाज आला.

"पाण्यासारखा," हे म्हणाले.

"दुसऱ्या बाजूने बघ."

दुसऱ्या बाजूनेही बघितलं. स्वच्छ. मी चॉप उतरवून झाकून ठेवला. मग ताट वाढलं. पोळी, लाल दवात न्हालेली काकडी, चॉप. हे जमिनीवर बसले, मी समोर. सासूबाई त्यांच्या पोळी-भाजीचं ताट घेऊन अंतर राखून बसल्या. यांनी कापला तर रस हळूच ताटात उतरला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

आणि डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर वाजायला लागली.

खटाक-खट. सासूबाईंचा घास हातातच राहिला. माझे कान नुसते त्या बोटांवर. ताल आहे का? आहे. आहे का पण? मनगट हलतंय का? तेच ताट, तीच बोटं, तोच आवाज, आणि या आवाजाला मी एकदा हसून वर शेव टाकली होती. यांची मान खाली होती, डोळे दिसत नव्हते.  तरी मी नेहमीचंच विचारलं.

"काय हो... मिल चालू झाली वाटतं?"

उत्तर आलं नाही. बोटं वाजतच होती. सासूबाई अर्ध्या उठल्या.

यांनी मान वर केली. गाल फुगलेला. "तोंडात घास आहे ना बाई," ते म्हणाले, "गिळू तर दे."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी काढत. मीही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पापा गेले, परेरा मंडळी पुण्याला गेली, सासूबाईही गेल्या. माझे गुडघे गेले म्हणून मी काम सोडलं. पाडव्याला आमच्याकडे चॉप होतात, आणि मी सांगते, इंदुरात असे चॉप दुसरीकडे मिळायचे नाहीत. हे खातात, बोटं वाजतात आणि मी विचारते, मिल चालू झाली का. यांना आता माहीत आहे. ते आधी घास गिळतात, मग म्हणतात, "चालू आहे, वाढ." तेवढं ऐकू येईपर्यंत माझा घास हातातच असतो.